मदत हवी आहे: जाहिराती काढून पैसे लावू का?

परळकर: ॲप दीड वर्ष चालू आहे. लोक रोज वापरतात, पण जाहिरातींतून हाताला काही लागत नाही. महिना ९९ रुपये लावले आणि लोक पळाले तर? लवकर सांगा, रविवारी नवी आवृत्ती टाकायची आहे.

मंगला_दादर: अहो, पण ॲप कसलं? आणि वापरतं कोण?

परळकर: राहिलंच. घरगुती डबे देणाऱ्यांसाठी आहे. कोणाचा खाडा, कोणाला पोळ्या जास्त, महिन्याचं बिल. रोज चारशेक जण उघडतात. फक्त अँड्रॉइड.

कोडकर: चारशेंवर जाहिराती? गूगलची जाहिरात सेवा ॲडमॉब १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवतही नाही. तो लाखोंच्या गर्दीचा धंदा. पैसे लाव.

बोरिवली_स्लो: अजिबात नको. आपल्याकडे ॲपला कोण पैसे देतो? लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर फुकट आहे म्हणून घरोघरी आहे. व्हॉट्सॲपनेसुद्धा वर्षाचा एक डॉलर २०१६ मध्ये सोडला.

कोडकर: त्यांना २०१४ मध्येच फेसबुकने विकत घेतलं होतं. याच्या मागे कोण आहे?

नाना_गिरगाव: मुंबईचे डबेवाले १८९० पासून ॲपशिवाय डबे पोचवतायत. झाकणावरच्या खुणा पुरतात.

कोडकर: नाना, ते पोचवण्याचं झालं. इथे हिशेबाचा प्रश्न आहे.

मंगला_दादर: हे तर माझ्याच फोनमध्ये होतं! सकाळी साडेसहाला कणकेच्या हाताने खाडा टिपायला गेले, तर पडदाभर जाहिरात. बंद करायची फुली एवढीशी, बोट भलतीकडेच पडलं. खाडा नोंदलाच गेला नाही आणि महिनाअखेरीला गिऱ्हाइकाशी वाद झाला. दुसऱ्या दिवशी वही परत काढली. ९९ म्हणजे माझ्या एका डब्याचे पैसे, देईन की. पण वर्षाचे एकदम मागू नका.

हिशेबनीस: महिन्याचेच घ्यायचे तर यूपीआय ऑटोपे आहे, पैसे आपोआप कापले जातात, एवढ्या रकमेला दर महिन्याला पिन टाकावा लागत नाही. गूगल प्लेने सबस्क्रिप्शनमधला आपला वाटा २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर आणला, तो धरून भाव ठरवा. बाकी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नको.

कुर्ला_पूर्व: मंगलाताई, भाचा नायगावात राहतो. त्याला दुपारचा डबा मिळेल का?

परळकर: ताई, जाहिरात खाडा टिपताना आली की बिल काढताना? मी ती फक्त बिलानंतर ठेवली होती. टिपताना येत असेल तर रविवारपर्यंत थांबत नाही, आज रात्रीच काढतो.