‘साउंड ऑफ सिल्व्हर’ : उसने किती, स्वतःचे किती?

पौडफाटा : “एलसीडी साउंडसिस्टिम या अमेरिकी बँडचा २००७ चा ‘साउंड ऑफ सिल्व्हर’ हा अल्बम म्हणजे न्यू ऑर्डर या जुन्या बँडचा सिंथेसायझर आणि टॉकिंग हेड्स या दुसऱ्या जुन्या बँडचा ताल एकत्र करून विकलेला शिळा माल आहे,” हे निखारा यांचे या चर्चेतले कालचे विधान वाचून गप्प बसवेना. उसनवारी नाकारतो कोण? एलसीडीचा गायक आणि सर्वेसर्वा जेम्स मर्फी याने २००२ मध्येच ‘लूझिंग माय एज’ या गाण्यात जुन्या बँडांच्या नावांचा पाढा वाचून स्वतःसकट सगळ्या रेकॉर्डवेड्यांची थट्टा केली होती. या अल्बममधल्या ‘ऑल माय फ्रेंड्स’मध्ये पियानोचा एकच तुकडा साडेसात मिनिटे चालू राहतो, सुरुवातीला तो किंचित डगमगतोही, आणि बाकीची वाद्ये येऊन त्याला सावरेपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ही हुरहूर न्यू ऑर्डरच्या ‘ब्लू मंडे’ या गाण्यात मला दाखवा.

निखारा : चोरीची कबुली दिली म्हणून चोर साव ठरत नाही. गँग ऑफ फोर या बँडच्या १९७९ च्या तुटक, धारदार गिटारीमागे राजकीय संताप होता. मर्फीच्या अस्वस्थतेचे कारण एवढेच, की तो सदतीस वर्षांचा झाला. आणि ‘ब्लू मंडे’त हुरहूर हवीच कशाला? १९८३ मध्ये ड्रम मशीनचा तो निर्विकार ठोका हीच नवलाई होती.

खर्जातला : ती नवलाई आपणांस लखलाभ. आमच्या लग्नसमारंभांच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि कीबोर्डमधला तयार ठेका आला, तेव्हा ढोलकीवाला, कोंगोवाला आणि ड्रमर असे तिघेही घरी बसले. यंत्राचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला आहे काय?

पौडफाटा : आपला राग रास्त आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी निघतो आहे. या अल्बममधले बरेचसे ड्रम माणसाने वाजवलेले आहेत.

खर्जातला : मग तर अधिकच वाईट! माणसाने यंत्रासारखे वाजवायचे, यात कसली कला? लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाला ढोलाचा ठेका तासन्‌तास तोच असतो, परंतु ताशा त्यावर खेळत असतो.

निखारा : ढोल एकमेकांच्या मागेपुढे पडतात, त्याला आपण ‘खेळणे’ म्हणता?

खर्जातला : आपण कधी कमरेला ढोल बांधून अलका चौकापर्यंत चालला आहात काय? नसाल, तर या विषयावर आपले मौनच शोभून दिसेल.

पौडफाटा : भांडण जरूर चालू ठेवा, पण खर्जातला यांनी नकळत माझीच बाजू मांडली आहे. ‘ऑल माय फ्रेंड्स’मध्ये पियानो ढोलाचे काम करतो आणि मर्फीचा आवाज ताशाचे; ठेका जागचा हलत नाही, म्हणूनच शेवटाकडे तो आवाज चिरकू लागतो तेव्हा अंगावर येतो. पोस्ट-पंकची, म्हणजे पंक रॉकनंतरच्या गँग ऑफ फोरसारख्या बँडांच्या संगीताची, चीड आणि नाचण्याजोगा ताल यांचा सांधा तिथे जुळतो.

खर्जातला : ताशाचे ठीक आहे. आमच्या ड्रमरचे उत्तर मात्र कोणीच दिलेले नाही.

निखारा : बरे, डगमगत्या पियानोचे संपूर्ण श्रेय मर्फीला देऊन टाकू. बाकीचा अल्बम मी टॉकिंग हेड्सच्या १९८० च्या ‘रिमेन इन लाइट’शेजारीच ठेवीन, म्हणजे मूळ मालकांना आपला माल ओळखून घेता येईल.