मदत हवी आहे : मनातल्या सिनेमाच्या शेवटाला काय वाजवू?

सिनेमा काढणार वगैरे नाहीये, पैसे कुठून आणू! पण झोप येईना की डोक्यात सुरू होतो. मुंबईचं गिरणगाव, १९८२, कापडगिरण्यांचा संप लागलाय. पहाटेच्या पहिल्या प्रसंगाला आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती वॉल्टर कॉफमनची सुरावट पक्की. मधे चाळीतल्या भजनाचे टाळ. अडलंय शेवटाला. भोंगा वाजत नाही, तरी म्हातारा सवयीने उठतो, डबा पुसतो आणि परत फळीवर ठेवतो. इथे काय? कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावून पाहिलं, तर म्हातारा एकदम तत्त्वज्ञच वाटायला लागला. व्हायोलिन नकोच, रडवायचं नाहीये. नुसती सारंगी? की लांबून शाहिरी डफ? अट एकच, ध्वनिमुद्रण १९८२ च्या आधीचं हवं. नेमकी रेकॉर्ड सुचवा ना कुणीतरी.