व्हिसाबंदी आणि सावद्याची केळी
मानवी हक्क तुडवणाऱ्या हुकूमशहांना अमेरिका व्हिसा नाकारते, त्यावर 'व्हिसा नाकारून हुकूमशहाचं काय बिघडतं' असं काहीजण म्हणतात; ते अर्धंच पटतं. त्याला स्वतःला अमेरिकेत जायचं नसेलही, पण पोरं तिकडेच शिकायला असतात ना! तिथल्या कायद्यातल्या ७०३१(सी) या कलमाखाली मोठ्या भ्रष्टाचारात किंवा मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनात गुंतलेल्या परदेशी अधिकाऱ्याच्या जवळच्या कुटुंबीयांनाही प्रवेश बंद होतो. अशाच लोकांवर व्यक्तिशः कारवाई करणाऱ्या २०१६ च्या 'ग्लोबल मॅग्निट्स्की' या अमेरिकी कायद्याने त्यांची तिथली मालमत्ताही गोठवता येते.

अख्ख्या देशावरच्या सरसकट निर्बंधांचं मात्र तसं नाही, त्यात साधी माणसंही भरडली जातात. अमेरिकेचे इराणवरचे निर्बंध (हे मुख्यतः अणुकार्यक्रमावरून, मानवी हक्कांवरून नाहीत, हे मान्य) २०१८ मध्ये परत लागले. आमच्या जळगावकडच्या सावदा-रावेरची केळी तिकडे जाते. खाण्याच्या मालाला कागदावर सूट, पण बँका पैसे घ्यायला कचरतात. काकांची १३ किलोची खोकी गेली, केळी तिकडे खाऊनही झाली, अन् इथला व्यापारी 'पेमेंट अडकलंय दादा' करत चार महिने फिरवत राहिला.