बी विंगच्या टाकीत रात्री 1 ते 4

सेक्रेटरी: नमस्कार. बी विंगची वरची टाकी आजही सकाळी आठलाच संपली. 10 हजार लिटरचा टँकर सांगू का? दुपारपर्यंत कळवा, खर्च तिन्ही विंगमध्ये वाटला जाईल.

ए-201: हो, सांगा. पण दर मे महिन्यात हेच चाललंय. एकदाची बोअरवेल मारून टाका.

सी-504: बोअर नको दादा. नवी मुंबईत नेरूळला आपण खाडीला लागून आहोत. शेजारच्या सोसायटीने मारली, पाणी मचूळ निघालं. आता तिचा पंपही बंद पडलाय.

बी-303: कामाच्या बायका नळ सोडून भांडी घासतात, आधी त्यांना सांगा.

बी-602: काकू, रात्री एक वाजता कोणाच्याच घरी मावशी नसतात, आणि पाणी तेव्हाही जातंय. काल मी ते मोजलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रात्री पंप बंद करून वॉचमन दादांबरोबर गच्चीवर गेले. बी विंगच्या टाकीत कोरडी काठी तळापर्यंत उभी सोडली आणि ओली झाली तिथपर्यंत टेपने मोजलं. एक वाजता 152 सेंटीमीटर. काठी पुसून ठेवली, चारला परत घातली. 141. टाकी आतून 4 बाय 3 मीटर आहे, म्हणजे 11 सेंटीमीटरचे 1,320 लिटर झाले. रात्री कोणी उठतं, फ्लश होतो, त्याचे 200 लिटर सोडून द्या. उरलेलं पाणी तीन तासांत कोणी न वापरता गेलं. हाच वेग दिवसभर धरला तर रोज 9 हजार लिटरच्या आसपास. आज आपण मागवतोय तो टँकर जवळपास तेवढाच आहे.

मीटरही तेच सांगतो. गेल्या महिन्यात सोसायटीला रोज सरासरी 71 हजार लिटर लागले. 84 घरं, घरटी 4 माणसं धरली तर माणशी 211 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी 135 लिटर धरून आखतात. आपल्याला पाणी कमी येत नाही, ते आपल्या हातून निसटतंय.

ए-201: मग काय, बादलीने अंघोळ करायची?

बी-602: नाही दादा, शॉवर आत्ता बाजूला ठेवू. माझा संशय फ्लशच्या टाक्यांवर आहे. आतला वॉशर झिजला की पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ ओघळत राहतं. आवाज नाही, दिसतही नाही. आज प्रत्येकाने फ्लशच्या टाकीत चमचाभर खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. खाली रंग उतरला तर वॉशर गेलाय.

सी-504: ताई, आणि पावसाच्या पाण्याचं काय? गच्चीचं सगळं पाणी गटारात जातं.

बी-602: ते व्हायलाच हवं. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका विंगची गच्ची 600 चौरस मीटर धरा, थोडं वाया गेलं तरी 12 लाख लिटर. पण खड्डा करून जिरवण्याचा माझा आग्रह नाही. खाडीकाठी पावसाळ्यात जमीन आधीच भरलेली असते, पाणी मुरणार कुठे? त्यापेक्षा पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून, गाळून, ते वेगळ्या टाकीत घेऊ आणि जिने, पार्किंग, गाड्या धुवायला वापरू. चार महिने तेवढं पालिकेचं पाणी वाचेल.

ए-701: मुलांनो, मी इथे जुना आहे म्हणून सांगतो. हे पाणी खालापूरकडच्या मोरबे धरणातून येतं, धावरी नदीवरच्या. भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्या नळाला. धरण पूर्ण भरलं म्हणजे पातळी 88 मीटर आणि साठा 190 दशलक्ष घनमीटर, तो पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा. त्यासाठी तिथल्या गावांनी आणि वाड्यांनी जमिनी सोडल्या. ते पाणी फ्लशमधून ओघळून जावं, हे मला सहन होत नाही.

बी-602: काका, अगदी मनातलं बोललात. आणि एकदा वापरलेलं पाणीही टाकाऊ नसतं. कोपरखैरणे आणि ऐरोलीला महापालिकेचे रोज 20-20 दशलक्ष लिटरचे प्रकल्प सांडपाणी पुन्हा शुद्ध करून टीटीसी एमआयडीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना देतात. आपल्या बागेला मात्र आजही पिण्याचंच पाणी जातं. प्रक्रिया केलेलं पाणी मिळेल का, ते सेक्रेटरींनी विचारून बघावं.

सेक्रेटरी: सोमवारी वॉर्ड ऑफिसला जातो. आजचा टँकर मात्र सांगावाच लागेल, घरात लहान मुलं आणि आजारी माणसं आहेत.

बी-602: हो, आजचा सांगा. पुढच्या शनिवारी रात्री ए आणि सी विंगच्या टाक्यांत काठी घालू. दोघं जण बरोबर या.

सी-504: मी येतो. टॉर्च आणतो.

बी-303: माझ्याकडे हिरवा रंग होता. आमच्या मोठ्या बाथरूममध्ये पाच मिनिटांत उतरला, छोट्यातला ठीक आहे. वॉशर कोणत्या मापाचा आणायचा?

बी-602: काकू, झाकण काढून आतला फोटो पाठवा. प्लंबर रविवारी दहाला येतोय, तुमचं नाव यादीत पहिलं घातलंय. तोपर्यंत फ्लशच्या टाकीखालचा कॉक बंद ठेवा, बादलीने पाणी टाका.