चेन मार्केटिंग: भाच्याला काय विचारायला लावू? (इंदूर)

सुदामानगरी:
भाचा विजयनगरला एका हॉटेलात 'प्लान' बघून आलाय. 12,000 चं वेलनेस पॅकेट घ्यायचं, सहाजण जोडायचे, दरमहा 1,500 ची खरेदी करून आयडी अ‍ॅक्टिव्ह ठेवायचा. "मामा, हे डायरेक्ट सेलिंग आहे, नुसती माणसं जोडून पैसे फिरवणारं पिरॅमिड नाही," म्हणतो. पैसे अजून भरले नाहीत. काय तपासू?

हिशेबनीस:
ज्याला कमिशन नकोय असं गिऱ्हाईक हा डबा याच भावाला घेईल का, ते बघा. डब्यावरचे घटक आणि वजन टिपून दवा बाजारात तशाच मालाचा भाव काढा. दुप्पट-तिप्पट फरक निघाला तर वरच्यांचं कमिशन त्यातूनच जातं.

मग सहापटीचा हिशेब, प्रत्येकाने सहाजण जोडले तर. 6, 36, 216, 1,296... आठवी पातळी 16,79,616. वरपासूनची बेरीज 20 लाख 15 हजारांवर जाते. 2011 च्या जनगणनेत अख्खं इंदूर शहर, तान्ही बाळं धरून, 20 लाखांच्या आत होतं! साखळी कुठल्याही पातळीवर अडली तरी सहांतले पाचजण तळाच्या ओळीत राहतात आणि त्यांच्या खाली कोणीच नसतं. "मेहनत करणाऱ्याला मिळतं" हे पटवायला सोपं, पण ती ओळ मेहनतीने रिकामी होत नाही.

पहिल्या वर्षाचा खर्च 30,000. पेट्रोल आणि सेमिनारची तिकिटं वेगळी. बायनरी प्लान असेल, म्हणजे प्रत्येकाखाली डावी-उजवी अशा दोनच बाजू (लेग), तर कमिशन त्यातल्या कमजोर लेगवर मोजतात, त्यामुळे एका बाजूला कितीही माणसं असली तरी उपयोग नाही. महिन्याची खरेदी चुकली की जमलेले पॉइंट लॅप्स होतात का, हे लेखी मागा.

कायदेकानू:
माल आहे म्हणून सुटका नाही. सभासद जोडण्यावर पैसे मिळत असतील तर 1978 चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा लागतो. त्यात योजना चालवणाराच नव्हे, सभासद होणाराही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांतही पिरॅमिडला मनाई आहे. म्हणून तर हल्ली 'जॉइनिंग फी' कोणी म्हणत नाही, 'पॅकेट' म्हणतात.

सुदामानगरी:
त्याच्या मित्राने भरलेत. परत मिळतील?

कायदेकानू:
आधी दरमहाची खरेदी आणि ऑटो-डेबिट बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडण्यापूर्वी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कमाईचे दावे तिथेच असतात. डबे सीलबंदच राहू द्या. करारात कूलिंग-ऑफची, म्हणजे करार रद्द करून पैसे परत मागण्याची मुदत बघा आणि ती संपायच्या आत ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट, दोन्हीने रद्द केल्याचं कळवा. पत्र अपलाइनला (ज्याने जोडलं त्याला) नको, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे अपलाइनच्या खासगी यूपीआयवर गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन करा.

हिशेबनीस:
भाच्याला "फसतोयस" म्हणू नका. "घरचे नाउमेद करतील" हे तिथे आधीच पढवलेलं असतं. जोडणाऱ्याकडून गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट माग, एवढंच सांगा. अ‍ॅपचा स्क्रीनशॉट चालणार नाही.