गॅस गिझर वाऱ्याने विझतो, काय करू?

सातव्या मजल्यावर राहतो, गिझर ड्राय बाल्कनीत आहे. पावसाळ्यात वारा सुटला की बर्नर भप्प करून विझतो आणि डोक्याला साबण लावलेला असताना गार पाणी येतं. दोन्ही सेल नवे टाकले तरी तेच. चारही बाजूंनी पत्रा लावून झाकून टाकू का?

प्रतिसाद १: दादा, पूर्ण झाकू नका प्लीज!! जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, कळतच नाही. वारा येतो त्याच बाजूला हातभर अंतरावर पत्रा उभा करा, बाकी मोकळं ठेवा. आणि बाथरूममध्ये तर अजिबात हलवू नका.

प्रतिसाद २: ज्योत सेन्सरच्या टोकावरून हलली की व्हॉल्व्ह गॅस बंद करतो, ती सेफ्टी आहे, कोणी बायपास करतो म्हणाला तर नको सांगा. आमच्या गिझरच्या त्या टोकावर काजळी बसलेली, मेकॅनिकने पुसली तर निम्मा त्रास गेला.

मूळ प्रश्नकर्ता: बरं झालं विचारलं, पत्रेवाल्याला आजच येऊ नको सांगतो. वारा पश्चिमेकडूनच येतो, तिथेच आडोसा करतो.