ग्रंथालय : काउंटरचा लॅपटॉप अजून जोडला जात नाही (शनिवारच्या आत हवंय)

ग्रंथालय, गुरुवार रात्री ९.४०

नमस्कार. तेच परत. काउंटरवर कॅटलॉग उघडला की 'सर्व्हर सापडत नाही'. गेल्या शनिवारी सगळं वहीत लिहिलं आणि रविवारची दुपार ते परत भरण्यात गेली. या शनिवारी दिवाळी अंकांची पहिली फेरी आहे. कोणत्या अंकावर कुणाचा कितवा नंबर, ती सगळी यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये. वहीवर हे निभणार नाही. भाईंच्या भाच्याने येऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची वाट, उघडून दिलं, तरी फरक नाही. उद्या संध्याकाळी फोंड्याला कुणी येऊ शकेल का?

खजिनदार, गुरुवार रात्री १०.०५

ताई, भाच्याने केलं ते बरोबरच आहे, मी स्वतः शेजारी बसलो होतो. दोष लॅपटॉपमध्ये आहे. शनिवारी चार तास दोन्हीकडची फायरवॉल बंद ठेवा, काम झालं की चालू करा. माझ्या दुकानात ती कित्येक वर्षं बंदच आहे, काही झालेलं नाही. आणि नव्या लॅपटॉपचा विषय यातून पुन्हा काढू नये. तो कार्यकारिणीत संपलाय.

मस्कतहून, गुरुवार रात्री १०.५०

भाई, राग मानू नका, पण बंद करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो असाच. एका मशीनमध्ये शिरला की त्याच नेटवर्कवरच्या बाकीच्या विंडोज मशीनचं ४४५ नंबरचं पोर्ट शोधत पुढे जायचा. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ती न टाकलेली मशीन जगभर होती. अशा राहून गेलेल्या मशीनला फायरवॉलचाच काय तो आडोसा. आपल्या कॉम्प्युटरवर सभासदांचे पत्ते आहेत, वर्गणीचा हिशेब आहे. चार तास पुष्कळ झाले.

लॅपटॉपला हात लावायचं कारणच नाही. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही, आत येणाऱ्याला अडवते. लॅपटॉप यादी मागायला जातो आणि ऑफिसचा कॉम्प्युटर त्याला आत घेत नाही. जे करायचं ते तिथे.

ताई, एक आठवून सांगा. उन्हाळ्यात कॅटलॉगची नवी आवृत्ती टाकली, तेव्हा पहिल्यांदा उघडताना एक चौकट आली होती का? या ॲपचे काही भाग अडवले आहेत, परवानगी द्यायची की रद्द?

ग्रंथालय, गुरुवार रात्री ११.१५

आली होती. रद्द मीच केली. भाईंच्या खात्यात काम चालू होतं आणि भाई खाली हॉलचं भाडं घ्यायला गेले होते. मला वाटलं व्हायरसचं काहीतरी आहे. आधीच सांगायला हवं होतं.

मस्कतहून, शुक्रवार सकाळी ६.३०

ताई, वाईट वाटून घेऊ नका, अनोळखी चौकट आली की बहुतेक जण तेच करतात. पण मग सापडलं. रद्द केलं की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या नावाने अडवण्याचे नियम लिहून ठेवते. सहसा दोन, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून माहिती जाण्याच्या दोन पद्धतींना एकेक. आणि अडवणारा नियम व परवानगीचा नियम समोरासमोर आले तर अडवणाराच चालतो. भाच्याने पोर्ट उघडलं ते खरंच, पण वरचढ हे दोन.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवाली फायरवॉल उघडा, इनबाउंड रूल्समध्ये, म्हणजे आत येणाऱ्यांच्या नियमांत, जा. कॅटलॉगच्या नावाचे लाल खुणेचे नियम काढून टाका. पोर्टचा नियमही काढा. ते पोर्ट कायम आणि कुठल्याही प्रोग्रॅमला उघडं राहतं. ॲपला परवानगी दिली तर ते ॲप चालू असेल तेवढ्यापुरतंच. मग कंट्रोल पॅनलमध्ये फायरवॉल, 'अलाऊ ॲन ॲप', 'चेंज सेटिंग्ज', 'अलाऊ अनदर ॲप', आणि कॅटलॉगची फाइल दाखवा. टिक फक्त प्रायव्हेटला, म्हणजे आपल्या विश्वासातल्या नेटवर्कपुरती; पब्लिकला, म्हणजे परक्या नेटवर्कला, नको. ॲडमिनचा पासवर्ड लागेल. हा नियम फाइलच्या जागेला बांधलेला असतो, तेव्हा पुढची आवृत्ती वेगळ्या फोल्डरात गेली तर हे परत करावं लागेल.

खजिनदार, शुक्रवार सकाळी ८.१०

पासवर्ड माझ्याकडे आणि अध्यक्षांकडे आहे, तिथेच राहील. मागे चारजणांना दिला तेव्हा हिशेबाचं फोल्डर आठवडाभर सापडत नव्हतं, हे सर्वांना आठवत असेल. मी पाचला येतो, स्वतः घालतो. भाच्याचा नियम काढायचा तर माझ्यासमोर काढावा.

अण्णा, म्हापसा, शुक्रवार सकाळी ९.२५

पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनचं. ते मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं तेव्हा मी दर आठवड्याला म्हापशाहून बसने जायचो. खणातलं कार्ड काढलं की पुस्तक कुठे आहे ते कळायचं. आपली जुनी कार्डं कपाटात आहेत, ती कुणी रद्दीत देऊ नयेत ही कळकळीची विनंती. ती हाताने लिहिणारी माणसं आज नाहीत. दिवाळी अंकांत माझा नंबर कितवा आहे?

नाट्यविभाग, शुक्रवार दुपारी १२.४०

प्रायव्हेटला टिक करा म्हणता, पण आपला वायफाय प्रायव्हेट आहे कुठे? तालमीला येणाऱ्या प्रत्येकाकडे पासवर्ड आहे. लग्नाला हॉल घेणाऱ्यांनाही देतात. ऑफिसचा कॉम्प्युटर त्याच राउटरवर.

खजिनदार, शुक्रवार दुपारी १.०५

हॉलच्या भाड्यात वायफाय धरलेला आहे. तो बंद करायचा तर भाडं कमी करावं लागेल. नाट्यविभाग त्याची भरपाई करणार आहे का?

मस्कतहून, शुक्रवार दुपारी १.३०

बंद करायला नको. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, चालू करा आणि पाहुण्यांना त्याचाच पासवर्ड द्या. ऑफिस आणि काउंटर जुन्या नावावर राहतील, फक्त त्याचा पासवर्ड बदला. नाट्यविभागाने हे काढलं ते फार बरं झालं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ग्रंथालय, शुक्रवार रात्री ८.२०

जोडला! लाल नियम दोनच होते, सांगितले तसेच. ते काढून ॲपला परवानगी दिली तरी पहिल्यांदा चाललं नाही. पाहिलं तर ऑगस्टमध्ये राउटर बदलल्यापासून विंडोजने हे नेटवर्क पब्लिक धरलं होतं. गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, मग आपलं प्रायव्हेट केलं, आणि काउंटरवर यादी आली. भाई साडेसातपर्यंत थांबले. पोर्टचा नियम त्यांनीच काढला.

पाहुण्यांचा नवा वायफाय पासवर्ड खाली फळ्यावर लिहिलाय. तालमीवाल्यांनी तोच वापरावा, जुना कुणाला देऊ नये.

अण्णा, कार्डं जागेवर आहेत, कपाटाला कुलूप आहे. तुमचा नंबर तिसरा. अंक चार दिवसांत परत हवा.